एकादशीले मासोळीचा वास

हुडको, भिलाई
३ मार्च २०२५

पानावरून उठून गेली तू. वर्षश्राद्धाच्या पानावरून. चाळीस माणसं जेवून राहिली होती, वडा वाढला होता, कढी वाढली होती, आणि तू बॅग उचलून ऑटोत बसली. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांत आपल्या घरी असं कोणी केलं नाही. तुझ्या आत्याचा नवरा दर लग्नात रुसते, पण तोही खाऊन रुसते.

उन्नतीले आजीचा आशीर्वाद. हे वरती लिहाले पाहिजे होतं. पण जे पोटात आधी आलं ते आधी उतरलं.

फोन चार वेळा लावला. तू उचलत नाही. तुझा बाप म्हणते, आई, व्हॉट्सॲप कर. त्या काचेवर माझं बोट एका अक्षराच्या जागी तीन दाबते. सेक्टर पाचच्या क्वार्टरात होतो तेव्हा बायकांच्या वर्गात लिहाले शिकली, तेवढ्यावर लिहून राहिली. चुका असतील. मोजू नोको.

आता मुद्द्याचं. तू त्या वडोदऱ्याच्या कारखान्यात डब्या बनवते, चांगलं आहे. श्राद्धाच्या दोन दिवस आधी एक पांढरी डबी घेऊन आली आणि मेन बोर्डात बसवली. मले समजावून सांगतलं, आजी, जुनी एमसीबी लोड वाढला की पडते, पण वायरीच्या आत बारीक ठिणगी उडून राहिली असंल तं तिले पत्ता लागत नाही. ही डबी ठिणगी ओळखते आणि आग लागाच्या आधी लाइट बंद करते. मी काय म्हणाली? बसव बापा, म्हणाली. नाही म्हणाली का?

पण श्राद्धाच्या दिवशी तीनदा पडली तुझी डबी. चटणी वाटता वाटता मिक्सर बंद. मंग बिजलीची शेगडी बंद. तिसऱ्यांदा आतल्या खोलीत अंधार झाला आणि भटजी तांब्या समजून समई धरून बसले. इथपर्यंत मी हासलीच होती, विचार कोणालेही. पण तू साऱ्यासमोर म्हणाली, "आजी, आबाजींच्या वायरिंगमध्येच कुठंतरी खराबी आहे, मी सगळे बोर्ड उघडून पाहते." पंजाबराव भाऊजी पहिल्या पंगतीत होते. तीस वर्षं तुझ्या आबाजीबरोबर प्लेट मिलमध्ये ड्यूटी केली त्यायनं. त्यायच्या हातातला घास हातातच राहिला.

तं मी बोलली. आबाजीनं चौतीस वर्षं प्लांटची बिजली सांभाळली, कृष्णरावचं काम म्हटलं तं इंजिनियर तपासत नव्हते, आणि कालची पोट्टी त्यायच्या श्राद्धाच्या दिवशी त्यायचं काम तपासणार? मी "निघ" म्हणाली. रागात माणूस निघ म्हणते. त्याचा अर्थ दुर्ग स्टेशनवर जा असा होत नाही.

तू गेल्यावरही डबी पडतच होती. तुझी आई साधना म्हणाली, आई, माझा स्वयंपाक होत नाही. मंग बाबुलाल मिस्त्रीले बोलावलं. तो म्हणाला, "दाई, मिक्सर के बुरुस ले धोखा खावत हे." मिक्सरच्या ब्रशची ठिणगी पाहून डबी फसते, असं. मंग त्यानं काहीतरी केलं. मी देवाजवळ बसली होती, मी काही पाह्यलं नाही. तेव्हापासून पडली नाही. डबी जागेवर आहे, रोज फडक्यानं पुसते.

तुझं पान गाईले घातलं. तिनं वडा आधी खाल्ला.

आंब्याचं लोणचं मागच्या सालचं आहे. पाठवू का ते कळव.

तुळसाबाई


हुडको, भिलाई
२७ मार्च २०२५

पत्राचं उत्तर नाही. पोस्टमन म्हणते, आजी, पोहोचलं असंल. म्हणजे वाचून गप बसली. हे तू माझ्यावर गेली, तुझ्या बापावर नाही. तो तं तीन दिवस अबोला धरला की चौथ्या दिवशी भाजी काय आहे म्हणून विचारते.

आशीर्वाद. तब्येत सांभाळ.

इकडं वच्छलाशी माझं भांडण झालं. तुले माहीत आहे ती, बाजूच्या घरची, सेक्टर पाचपासूनची सोबतीण. झालं असं की आठ दिवसांपासून आपल्या घरात मासोळीचा वास येऊन राहिला. सकाळी साधना ओट्याजवळ काम करते तेव्हा येते, दुपारी जाते. मी साधनाले विचारलं, तू मासोळी आणली का? ती म्हणाली, आई, श्राद्ध झाल्यापासून घरात अंडंही आलं नाही. नाल्या धुतल्या. ओटा धुतला. मोरीत फिनाइल टाकलं. वास तसाच.

मंग एकादशीच्या दिवशी सकाळी सकाळी पुन्हा तोच वास. मी भिंतीवरून आवाज देला, "वच्छला, आजच्या दिवशी तरी तळू नोको वो! गळ्यात माळ घालते अन् खिडकी उघडी ठेवून मासोळी तळते?"

ती बाहेर आली. हातात साबुदाण्याची प्लेट. म्हणाली, "तुळसा, तुझं नाक सडलं. हे घे, हुंग. ही मासोळी दिसते तुले?"

"मंग वास कुठून येते?"

"तुझ्याच घरातून येते. आम्हीच चार दिवसांपासून नाक दाबून बसलो, म्हटलं नवरा गेला म्हणून बाई आता सारं खाऊन राहिली."

मी तिले जे म्हणाली ते कागदावर उतरत नाही. तिनंही कमी नाही केलं. पन्नास वर्षांत आमाले दोघीले एवढं बोलाले कधी मिळालं नव्हतं. आता ती तुळशीले पाणी घालताना तोंड फिरवते. मीही फिरवते. मान दुखाले लागली.

तुझी डबी एकदाही पडली नाही. सुधारली म्हणायची.

एक गोष्ट विचारते. तुमच्या कारखान्यात जेवण कसं आहे? गुजराती लोक डाळीत साखर टाकतात म्हणे. तुले ते चालत नाही. लहानपणी दुधातही साखर टाकू देत नव्हती. आबाजी तुले चोरून मीठ देत होते चाटाले, ते मले माहीत होतं.

लोणच्याचं कळवलं नाही.

तुळसाबाई


हुडको, भिलाई
४ एप्रिल २०२५

तुझ्या बापाच्या, प्रवीणच्या, फोनवर पाठवाले तुले हात आहे, माझ्या पत्राले उत्तर द्याले नाही. प्रवीण परवा ड्यूटीवरून धावत आला, जोडे घालूनच घरात शिरला आणि मेन खाली पाडला. मंग मोठ्यानं वाचून दाखवलं. "बाबा, मासोळी नाही. प्लास्टिकचा बोर्ड आतून जळायला लागला की असाच वास येतो. आधी मेन बंद करा. डबी दीड महिन्यात एकदाही पडली नाही म्हणजे डायरेक्ट केली आहे. आजीला विचारा, खरं सांगेल."

खरं सांगल म्हणे. साधना माझ्याकडं पाहून राहिली, प्रवीण माझ्याकडं पाहून राहिला.

तं आइक. डायरेक्ट केली. मीच सांगतलं बाबुलालले. त्यानं तं उलट विचारलं होतं, दाई, बिटिया से पूछ लेव. मी म्हणाली, घर माझं आहे, बिटियाचं नाही. त्यानं वायर डबीच्या बाहेरून नेली आणि डबी नुसती शोभेले राहू देली. मी देवाजवळ बसली नव्हती, त्याच्या मागंच उभी होती. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं, दुसऱ्या पत्रात त्यावर रंग लावला.

काल सकाळी बाबुलाल आला. आधी डबी पुन्हा लाइनीत घेतली, तू लिहिलं होतं तसं. मंग मी तुझा कागद काढला. तू बोर्डाच्या दाराले आतून चिकटवून गेली होती तो. डबी पडली तं सारं बंद करा, मंग एकेक चालू करा, कशावर पडते ते लिहा. बाबुलालनं ओट्याजवळ मिक्सर लावला. पडली. तो म्हणाला, "देख दाई, मैं कहे रहेंव ना, मिक्सर."

मी म्हणाली, थांब. मिक्सर उचलून हॉलमध्ये नेला, टीव्हीजवळ लावला, पाणी टाकून फिरवला. दोन मिनिटं फिरला, डबी पडली नाही. मंग इस्त्री घेतली आणि ओट्याजवळ लावली. साधना म्हणाली, आई, ओट्यावर काय इस्त्री करता? मी म्हणाली, पापड करते. इस्त्री गरम व्हाले लागली नाही तं डबी पडली. मी बाबुलालले विचारलं, "का रे, इस्त्रीले ब्रश असते का?"

इंजिनियर तू एकटीच आहे असं समजू नोको.

मंग मेन पाडून त्यानं ओट्याजवळचा पॉवर पॉइंट उघडला. मागून प्लास्टिक करपल्या पोळीसारखं झालं होतं. लाल वायरचं कव्हर काळं, हात लावला तं त्याचा चुरा झाला. आणि स्क्रू बाबुलालनं नखानं फिरवला. नखानं, उन्नती. त्याच्या मागं भिंत काळी झाली होती आणि त्या भिंतीले लागूनच साधनाचं लाकडाचं कपाट आहे, तेलाच्या पिप्याचं.

मी कपाटातले तेलाचे पिपे काढून अंगणात नेले.

मंग तुझा बाप बाबुलालवर सुटला. "हा पॉइंट तूच केला! बाबांचा स्क्रू ढिला राहूच शकत नाही. घर जाळलं असतं तू आमचं!" बाबुलाल म्हणाला, "नइ भैया, ये मोर काम नोहय." हे माझं काम नाही, असं. प्रवीणनं ऐकलं नाही. बाबुलालनं एकदा माझ्याकडं पाह्यलं, अवजारं पिशवीत टाकली आणि गेला. साधनानं चहा ठेवला होता, तोही घेतला नाही.

मी गप राहिली.

ही ओळ तुले समजाची नाही. समजवाची आहे, पण आज हात थकला.

वच्छलाले जाऊन सांगतलं की वास आपल्याच घरचा होता. ती म्हणाली, "मी तुले तेव्हाच सांगतलं होतं." आता ती हे मरेपर्यंत सांगणार आहे.

तुळसाबाई


हुडको, भिलाई
१६ एप्रिल २०२५

दहा दिवस बाबुलाल आपल्या गल्लीतून गेला नाही. गल्लीतल्या कवडूच्या घरी कूलरचं काम होतं, ते तुझ्या बापानं दुसऱ्या मिस्त्रीले द्याले लावलं. साऱ्याइले सांगत फिरला, त्याच्या हाताले काम देऊ नोका, आमचं घर जाळत होता. आणि मी रोज जेवून राहिली, झोपून राहिली, टीव्ही पाहून राहिली.

हे आधी लिहिलं, कारण आशीर्वाद लिहाले आधी तोंड पाहिजे.

आता आइक. मधात तोडू नोको.

तुझ्या आबाजीचे हात कापत होते. शेवटची दोन वर्षं. तू सुट्टीत आली की ते हात मांडीखाली दाबून बसत, तुले वाटत असंल थंडी लागते. मी त्याइले चहा अर्धाच पेला देत होती, दोनदा. शर्टाच्या गुंड्या काढून टिचबटनं लावली. प्रवीणले सांगतलं, आजकाल हीच फॅशन आहे. दाढी मी करून देत होती आणि ते साऱ्याइले म्हणत, न्हावी महाग झाला. आम्ही दोघं यावर एक शब्द कधी बोललो नाही. त्यायनं सांगतलं नाही, मी विचारलं नाही. असंच ठरलं होतं, न ठरवता.

घरातली वायरिंग त्यायनं अठ्ठ्याण्णव साली स्वतः केली. तेव्हापासून मीच त्यायची हेल्पर. प्लांटमध्ये त्यायची पद्धत होती. एकानं मेन पाडून स्क्रू कसाचा, दुसऱ्यानं वायर ओढून पाहाची आणि तोंडानं सांगाचं, "टाइट". तो शब्द आल्याशिवाय झाकण लावाचं नाही. आणि पुढं काही बिघडलं तं कसणाऱ्याले कोणी विचारत नव्हतं. ज्यानं टाइट म्हटलं त्याले विचारत. घरात टाइट म्हणणारी मी. बॅटरी एका हातात, वायर दुसऱ्या हातात. त्या साली नव्वद-शंभर वेळा म्हटलं असंल, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

तेवीसच्या दिवाळीच्या आधी साधनानं नवी शेगडी आणली, तिच्यासाठी ओट्याजवळ पॉइंट पाहिजे होता. मी म्हणाली, बाबुलालले बोलावते. आबाजी म्हणाले, "माझ्या घरात बाबुलाल कावून?" एका पॉइंटले दोन तास लागले. पेचकस स्क्रूच्या खाचेतून निसटत होता. दोनदा खाली पडला, मी उचलून देला, जसं काही माझ्याच हातून पडला. शेवटी ते म्हणाले, ओढ. मी ओढली. वायर हालली.

त्यायनं माझ्याकडं पाह्यलं.

मी म्हणाली, "टाइट."

एवढंच आहे ते. तेव्हा वाटलं, उद्या बाबुलालले गुपचूप बोलावून कसून घेते. उद्या दिवाळीची कामं निघाली. मंग ते आजारी पडले. मंग फेब्रुवारीत गेले. मंग त्या पॉइंटकडं पाह्यलं की मले तो स्क्रू दिसत नव्हता, त्यायचं पाहणं दिसत होतं.

श्राद्धाच्या दिवशी तू म्हणाली, सारे बोर्ड उघडते, तेव्हा मले माहीत होतं तू कुठी पोहोचणार. पंजाबराव भाऊजीसमोर, चाळीस माणसासमोर तू झाकण काढशील आणि कृष्णरावचा स्क्रू नखानं फिरल. म्हणून मी तुले हाकललं. तुझी चूक काहीच नव्हती. माझ्या एका शब्दापायी साधना दीड वर्ष त्या ओट्याजवळ उभी राहिली, आणि मी तिच्या बाजूले भाजी निवडत बसली.

रविवारी मी बाबुलालच्या घरी गेली. वच्छलाले सोबत घेतलं, कारण ती नसती तं मी अर्ध्या रस्त्यातून परत आली असती. ती रस्ताभर म्हणत होती, "चाल, चाल, मले मासोळी खाणारी म्हणताना पाय बरे चालत होते." बाबुलालले घेऊन आलो, प्रवीणसमोर बसवलं आणि जे तुले आता लिहिलं ते साऱ्यादेखत सांगतलं.

तुझा बाप उठून ओट्याजवळचा तो जळका पॉइंट पाहून आला. मंग म्हणाला, "बाबांचे हात कापत होते, आणि आई, मले कावून नाही सांगतलं?"

मी म्हणाली, "हात त्यायचे होते. ते सांगत नव्हते तं मी कोण सांगणारी?"

बाबुलाल खाली पाहत म्हणाला, "मैं जानत रहेंव दाई. बबा के काम आय." त्याले बोर्ड उघडल्याबरोबर समजलं होतं. वायर वळवाची आबाजीची पद्धत तो ओळखते, तो त्यायच्याच हाताखाली काम शिकला. तरी तोंड उघडलं नाही. साऱ्या गल्लीत बदनाम झाला, कामं गेली, पण मेलेल्या माणसाचं नाव घेतलं नाही. प्रवीणनं त्याचे हात धरले. मंग दोघंही कवडूच्या घरी गेले, प्रवीणनं स्वतःच्या तोंडानं सांगतलं. आल्यावर बाबुलालनं दोन कप चहा घेतला. एक त्या दिवसाचा, एक या दिवसाचा.

तं तू म्हणाली ते खरं निघालं, आणि नाहीही निघालं. आबाजीची वायरिंग खराब नाही. अठ्ठ्याण्णव सालचं काम बाबुलालनं दोन ठिकाणी उघडून पाह्यलं, अजून जसंच्या तसं आहे. खराब आहेत ती शेवटच्या दोन वर्षांतली चार कामं. एक जळलं. तीन राहिली. हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर, अंगणातल्या तुळशीजवळचा दिवा, आणि तुझ्या खोलीतला पलंगाजवळचा प्लग. तो त्यायनं तू फोन लावून झोपल्या झोपल्या पाहते म्हणून केला होता. तिन्ही बंद करून ठेवले. त्या तिन्हीले मी काय म्हणाली होती ते तुले आता विचाराले नोको.

बाबुलाल म्हणते, दाई, मैं कर देथंव. मी नाही म्हणाली. तो चांगला माणूस आहे, पण ते काम त्याचं नाही. तू ये. स्क्रू तू कस, वायर मी ओढीन. आणि ढिली असली तं ढिली म्हणीन, तू कितीही पाह्यलं तरी. पंजाबराव भाऊजीले बोलवाचं असंल तं बोलावू. मले आता झाकाचं काही राह्यलं नाही. आणि तुझे आबाजी असते तं त्यायनं झाकण उघडून पाह्यलं असतं, मंग तुले म्हटलं असतं, पोट्टे, डबी चांगली बनवली. हे मी त्यायच्या वतीनं लिहून राहिली नाही. मले ते माहीत आहे.

गरमी खूप आहे. पंख्याविना हॉलमध्ये बसून राहिलो. साधना काही म्हणत नाही, पण घाम पुसताना जास्त जोरानं पुसते. तेव्हा महिना लावू नोको. बिलासपूरकडून नाही, नागपूरकडूनच गाडी घे, तिकडून खायले चांगलं मिळते.

आणि हे नीट वाच. प्रवीणच्या फोनवर निरोप पाठवाचा नाही. साधनाच्याही नाही. त्या दोघाइले मी सांगून ठेवलं, उन्नतीचं काही आलं तं मले वाचून दाखवू नोका, मी कान बंद करीन. येते म्हण, नाही तं येत नाही म्हण, एका ओळीत म्हण, शिव्या देऊन म्हण. पण भांडण आपल्या दोघीचं होतं, तुझ्या बापाचं नाही. उत्तर तूच द्याचं, आणि मलेच द्याचं.

तुळसाबाई